मदत हवी आहे: मेलबर्नमध्ये गाडीवरचा लक्झरी टॅक्स

मे २०२५ मध्ये हायब्रिड एसयूव्ही बुक केली, डिलिव्हरी ऑगस्टमध्ये. जीएसटीसह किंमत ८८,००० डॉलर, स्टॅम्प ड्युटी वेगळी. गाडी १०० किमीला ६ लिटर पिते, म्हणून बुकिंगच्या वेळी कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांची ९१,३८७ डॉलरची करमुक्त मर्यादा लागू होती, लक्झरी टॅक्स शून्य. १ जुलै २०२५ पासून ती मर्यादा फक्त १०० किमीला ३.५ लिटरपर्यंत पिणाऱ्या गाड्यांना. बाकीच्यांना ८०,५६७, वरच्या रकमेवर ३३ टक्के. माझ्या हिशोबाने (आधी जीएसटी वजा करून) साधारण २,२३० डॉलर वाढतात. चार पोरं कोंबायची गाडी, तिला लक्झरी म्हणे!

करारात किंमत 'कर बदलांच्या अधीन' आहे. डीलर टोलवाटोलवी करतोय. गाडी खासगी वापरासाठीच आहे, नोव्हेटेड लीज (नोकरीतल्या पगारातून हप्ते कापून घेतलेली गाडी) नाही. कर ठरवताना बुकिंगची तारीख धरतात की डिलिव्हरीची?