गेमच्या सेव्हचा बॅकअप: कमी झंझटीचं सॉफ्टवेअर कोणतं?

ऐरोलीकर:
जुना पीसी धाकट्या भावाला द्यायचाय, त्याआधी सगळ्या गेमचे सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आलाय ते साठवणाऱ्या फाइल, काढून ठेवतोय. जे सॉफ्टवेअर बघावं ते आधी डॉटनेट मागतं, नाहीतर पायथन. माझं स्पष्ट मत आहे, बॅकअपच्या सॉफ्टवेअरला सोबत आणखी काही टाकावं लागत असेल तर ते भरवशाचं नाही. कोऱ्या विंडोजवर ते लगेच चाललं पाहिजे, कारण गरज तेव्हाच पडते. म्हणून मी लुडुसावी हे गेमच्या सेव्हचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर धरलंय. ओपन सोर्स, रस्ट या भाषेत लिहिलेलं, एकच फाइल. पेन ड्राइव्हवर बॅकअपशेजारीच राहते.

घोडबंदर_गेमर:
पण कुठल्या गेमचा सेव्ह कुठे असतो ही माहिती लुडुसावी पीसीगेमिंगविकी या गेमच्या माहितीच्या वेबसाइटवरून घेतं. म्हणजे परावलंबन आलंच. विंडोजमध्ये फाइल कॉपी करणारी रोबोकॉपी कमांड आयती आहे. चार ओळींची बॅच फाइल (कमांडची यादी) लिहा, ती ठरल्या वेळी आपोआप चालायला टास्क शेड्युलरला लावा, विषय संपला.

ऐरोलीकर:
यादी एकदा उतरली की नेट लागत नाही, आणि यादीत नसलेला गेम हाताने घालता येतो. चार ओळींत कसं भागेल? विचर ३ चे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये, स्टारड्यू व्हॅलीचे ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरच्या रोमिंगमध्ये, युनिटी इंजिनवर बनलेल्या बऱ्याच गेमचे त्याच्याच लोकललोमध्ये. शिवाय रोबोकॉपीला मिरर, म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत सारखं ठेवणारा पर्याय, लावलात, तर मूळ जागेवरून उडालेली फाइल बॅकअपमधूनही उडते!

नेरूळची_मीनल:
दादा, सेव्ह आपोआप नेटवर ठेवणारं स्टीम क्लाउड असताना एवढा खटाटोप कशाला?

घोडबंदर_गेमर:
मीनलताई, ते सिंक आहे, म्हणजे दोन्हीकडे एकच ताजी प्रत, बॅकअप नाही. सगळ्या गेमना मिळतही नाही. सेव्ह होताना लाइट गेली की फाइल अर्धवट राहते आणि नंतर तीच क्लाउडवर चढू शकते. जुन्या प्रती हव्यातच, हे मलाही पटतं. फक्त त्या मला साध्या फोल्डरमध्ये, डोळ्यांना दिसतील अशा हव्यात.

ऐरोलीकर:
दिसतात की. गेमच्या नावाचं फोल्डर, आत ‘ड्राइव्ह-सी’, त्याखाली मूळ पाथ (फोल्डरचा पत्ता) जशाचा तसा. लुडुसावी बंद पडलं तरी हाताने कॉपी करता येतं. किती प्रती ठेवायच्या तो आकडा मात्र सेटिंगमध्ये वाढवा, सुरुवातीला एकच असतो. आणि काही गेम फाइलऐवजी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत लिहितात, तिथे रोबोकॉपी काय करणार?

घोडबंदर_गेमर:
त्यासाठी रजिस्ट्रीतली नोंद फाइलमध्ये काढणारी विंडोजचीच रेग एक्सपोर्ट कमांड आहे. एक ओळ वाढली. मी बॅच फाइलच ठेवतो, तिच्यातली प्रत्येक ओळ मला कळते.