फॅन दिसायला साफ आहे तरी लॅपटॉप तापतोय

लॅपटॉपला चार वर्षं झाली. हल्ली ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले तरी फॅन एवढा ओरडतो की शेजारच्या खोलीत कळतं मी कामाला बसलोय, टेंपरेचर बघितलं तर ९५ च्या वर जातं आणि मग सगळं रखडत चालतं. खालच्या जाळीतून टॉर्च मारून पाहिला, पात्यांवर जेमतेम धूळ. ब्रश फिरवला, फरक शून्य. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) वाळली असेल का? की व्हॅक्युम क्लीनर लावून खेचून घेऊ? उघडायची भीती वाटते.

उत्तर १
व्हॅक्युम नको, त्याने स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतं, पार्ट बिघडू शकतात. आणि तुम्ही चुकीच्या जागी बघताय. फॅन खालून हवा ओढतो आणि बाजूला हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पातळ पत्र्यांमधून बाहेर फेकतो, धूळ अडकते ती फॅन आणि त्या पत्र्यांच्या मधे, जी बाहेरून कुठूनच दिसत नाही. मी माझा उघडला तेव्हा फॅनचं झाकण काढल्यावर तिथे राखाडी पट्टी बसलेली, अगदी घोंगडीचा तुकडा, चिमट्याने धरून ओढली तर अख्खी निघाली, त्यात केससुद्धा होते. ९५ वर रखडतो कारण प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करतो.

उत्तर २
न उघडता एअर कॅनने (दाबाखालच्या हवेचा डबा) होतं की, दरवेळी कशाला स्क्रू काढायचे. फक्त टूथपिक घालून पातं अडकवून ठेवा, नाहीतर हवेने फॅन भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. कॅन उभाच धरा, आडवा केला की आतलं लिक्विड बाहेर येतं. छोटे छोटे फवारे.

उत्तर १
सुटी धूळ असेल तर ठीक, दर दोन-तीन महिन्यांनी करत राहिलं तर उत्तमच. पण चार वर्षांची घोंगडी फवाऱ्याने कशी जाईल? बाहेरच्या बाजूने हवा मारली तर ती मागे सरकून फॅनमध्येच पडते. एकदा उघडाच. आधी बंद करा, चार्जर काढा, आत गेल्यावर सगळ्यात पहिले बॅटरीचं कनेक्टर.

प्रश्नकर्ता
सगळे स्क्रू काढले पण मागचं कव्हर एका बाजूने निघतच नाहीये, जोर लावू का?

उत्तर ३
अजिबात नको!! रबरी पायांखाली स्क्रू लपवलेले असतात, ते बघा. आणि काढलेले स्क्रू कागदावर त्याच आकृतीत मांडून ठेवा, लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला भोक. पेस्टचं म्हणाल तर फॅन वेगळा निघत असेल तर हीटसिंकला हातच लावू नका, पेस्ट तशीच राहू दे. हीटसिंक उचलला मात्र की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायलाच लागते, मधेच सोडता येत नाही.

प्रश्नकर्ता
होते, दोन स्क्रू पायांखालीच होते. फॅन वेगळा निघाला, पट्टी पण निघाली, बोटभर जाड नव्हती पण पुठ्ठ्याएवढी तरी होतीच. आता त्याच कामाला ७२-७५. पण दोन फॅनपैकी उजव्याची बारीक घरघर अजून येते.

उत्तर २
हाताने हलकेच फिरवून बघा, अडखळत असेल तर बेअरिंग गेलं, आता साफसफाईने काही होणार नाही. फॅनच्या स्टिकरवरचा नंबर बघून नवा मागवा, डावा-उजवा वेगळा असतो तेवढं लक्षात ठेवा.