पॉप आर्ट / मॉडर्न आर्टवाल्या वस्तू कमी बजेटमध्ये: प्रिंट्स, कुशन, मग, बॅग... सल्ला हवाय

रंगवेडी
मंडळी, मदत करा. भाड्याचं घर आहे, भिंती पांढऱ्याफटक आणि मला मॉडर्न आर्ट, त्यातही पॉप आर्ट (जाहिराती, कॉमिक्स, रोजच्या वस्तूंवरून केलेली चित्रं) जाम आवडतं. वॉरहॉल, लिक्टनस्टाइन, कीथ हेरिंग, शिवाय मोंद्रियानचे ते लाल-निळे-पिवळे चौकोन. ऑनलाइन शोधलं की ढिगाने वस्तू येतात, फोटोत सगळ्याच झकास दिसतात, पण मागे एका ठिकाणाहून पोस्टर मागवलं ते इतकं धुरकट आलं की लगेच परत पाठवलं. बजेट कमी आहे पण घरात कचरा गोळा करायचा नाहीये. पोस्टर, कुशन कव्हर, मग, रोज वापरायला एखादी कापडी बॅग, यातलं काय घ्यावं आणि वस्तू चांगली आहे हे ओळखायचं कसं? भिंतीत खिळे ठोकायला परवानगी नाही, हे आधीच सांगते.

शाईवाला
छपाईच्याच धंद्यात आहे त्यामुळे पोस्टरबद्दल सांगतो. लिक्टनस्टाइन घेणार असाल तर विकणाऱ्याने टाकलेला फोटो जमेल तितका झूम करा आणि ठिपके बघा. ठिपके गोल आणि सुटे सुटे दिसले पाहिजेत, काळ्या रेघेची कड ब्लेडने कापल्यासारखी हवी. रेघेच्या दोन्ही बाजूंना करडी धूसर किनार दिसली, किंवा ठिपके एकमेकांत मिसळून नुसताच फिकट गुलाबी पट्टा झाला असेल, तर नेटवरची बारकी इमेज ताणून छापलीय असं खुशाल समजा. जुन्या कॉमिक्सच्या स्वस्त छपाईत जे बेन-डे ठिपके असायचे तेच तर त्याने मोठे करून कॅनव्हासवर आणले, ते गेले तर त्या चित्रात राहिलं काय!
फाइल देऊन स्वतः छापून घेणार असाल तर ए३ साठी ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. कागद मॅट, जाड, अ‍ॅसिड-फ्री, आणि शाई पिगमेंट आहे का ते विचारा, डाय शाई उन्हात लवकर उडते. आणि पॉप आर्टसाठी कॅनव्हास प्रिंट नकोच, त्या विणीमुळे सपाट रंगाचा सगळा कडकपणा जातो. कागदच घ्या.

पानगळ
मस्त धागा! मोंद्रियान, क्ले, कांडिन्स्की यांच्यासाठी पोस्टर विकत घ्यायचीही गरज नाही असं मला वाटतं. क्ले १९४० साली गेला, मोंद्रियान आणि कांडिन्स्की १९४४ साली, त्यामुळे मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट असणाऱ्या देशांत त्यांची चित्रं आता मुक्त आहेत (अमेरिकेत हिशोब वेगळा आहे, तिथे चित्र कधी प्रकाशित झालं ते बघतात). न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ पासून कॉपीराइटमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट डाउनलोडला ठेवल्यात. प्रत्येक चित्राखाली ते मुक्त आहे की नाही ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचं. फाइल घ्या, चांगल्या ठिकाणी छापा आणि वाचलेले पैसे फ्रेमवर घाला. पॉप आर्ट मात्र तिथे असं मिळणार नाही, वॉरहॉल १९८७ मध्ये गेला, हेरिंग १९९० मध्ये, त्यांचे हक्क अजून चालू आहेत.

रंगवेडी
अरे वा, हे माहीतच नव्हतं! मग हेरिंग, वॉरहॉलचं काय करू? अधिकृत वस्तू माझ्या बजेटच्या बाहेर असतील ना?

चौकटीबाहेर
अजिबात नाही, आणि स्वस्तात घेतोय म्हणून संकोच तर मुळीच करू नका. ब्रिटिश चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनने १९५७ साली एका पत्रात पॉप आर्ट म्हणजे काय याची यादीच केली होती, त्यात स्वस्त आणि घाऊक प्रमाणात तयार होणारी हे दोन्ही गुण आहेत. हेरिंगने तर १९८६ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचं पॉप शॉप काढलं, टी-शर्ट, पोस्टर, बिल्ले, मॅग्नेट विकायला, का तर आपलं काम फक्त संग्राहकांकडे न जाता रस्त्यावरच्या पोरांनाही घेता यावं म्हणून. दुकान २००५ पर्यंत चाललं. मग आज कोणी हेरिंगचा बिल्ला जॅकेटला लावला तर तो त्याच्या कामाचा अस्सल वापर आहे असं मी मनापासून मानतो.
फक्त एक बघा. मागच्या बाजूला किंवा लेबलवर हक्कांची ओळ हवी, कीथ हेरिंग फाउंडेशन किंवा अँडी वॉरहॉल फाउंडेशनचं नाव असलेली. हेरिंगचं फाउंडेशन मुलांसाठी आणि एड्ससाठी काम करणाऱ्या संस्थांना पैसे देतं, ते त्याने जिवंतपणीच, १९८९ मध्ये काढलं होतं. विनापरवाना माल घेतला की त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. युनिक्लो या जपानी कपड्यांच्या ब्रँडने मोमाबरोबर (न्यूयॉर्कचं मॉडर्न आर्टचं म्युझियम) २०१४ मध्ये असे टी-शर्ट काढायला सुरुवात केली होती, म्हणजे अधिकृत आणि परवडणारं मिळू शकतं. आणि म्युझियम शॉपमधली सगळ्यात स्वस्त आणि चांगली छापलेली वस्तू म्हणजे पोस्टकार्ड! रॉबर्ट इंडियानाचं ते LOVE, म्हणजे ओ तिरका असलेलं, तेही १९६५ मध्ये मोमाच्या नाताळच्या ग्रीटिंग कार्डावर आलं होतं. चार-सहा कार्डं एकाच मोठ्या फ्रेममध्ये रुंद माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) कापून लावा, एका मोठ्या पोस्टरपेक्षा भारी दिसतं.

मातीचाहात
मगबद्दल मी सांगते, भांडी घडवते आणि भाजते. दोन प्रकार येतात. सब्लिमेशनमध्ये मगवर पॉलिमरचा थर असतो, रंग त्या थरात उतरतो, बोट फिरवलं तर काही लागत नाही, पण थर ओरखडला की चित्र पण गेलं. दुसरा डेकल, चित्राचा कागद चिकटवून परत भट्टीत भाजतात, त्याची कड बोटाला हलकीशी लागते. नीट भाजलेला डेकल खूप टिकतो. पण भडक लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो, म्हणून ओठ लागतात तिथे आणि आतल्या बाजूला चित्र नसलेलाच घ्या. बघितल्या बघितल्या आवडला तरी!

एकरेघ
थोडं वेगळं मत मांडते. वॉरहॉलची मेरिलिन आणि सूपचे डबे ठीक आहेत पण ते सगळ्यांच्याच घरी असतात. वॉरहॉलने जे स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छापणं) वापरलं त्याच पद्धतीने आज काम करणारे, कला शाखेत शिकणारे किती तरी जण स्वतःची प्रिंट्स विकतात, कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं असतात तिथे बघा. खाली पेन्सिलीत १२/५० असा आकडा (म्हणजे पन्नास प्रतींपैकी बारावी) आणि सही असते, रंगाचा थर कागदावर उठून दिसतो, कधी एक रंग केसभर सरकलेला असतो. ते फोटोवरून छापलेल्या कुठल्याही पोस्टरमध्ये नाही आणि पैसे थेट चित्रकाराच्या हातात जातात. एक तरी असं घ्याच, प्लीज.

शाईवाला
+१, सरकलेला रंग मलाही फार आवडतो.

रंगवेडी
एकरेघ, पटलं. आता कुशन आणि खिळ्यांचं पण सांगा कोणीतरी.

पानगळ
मोंद्रियानचं कुशन छापलेलं घेऊ नका, तुकडे जोडून शिवलेलं शोधा किंवा शिवून घ्या. फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह साँ लोराँने १९६५ मध्ये मोंद्रियानवरून ड्रेस केले तेव्हा रंगाचा एकेक तुकडा वेगळा जोडून शिवला होता, छपाई नव्हतीच. आणि काळ्या पट्ट्या सगळ्या एका जाडीच्या करू नका, मूळ चित्रांत काही जाड, काही बारीक असतात, नकलांमध्ये नेमकं तेच हुकतं.
खिळ्यांसाठी: फ्रेमला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावा, वजन बरंच कमी होतं, मग काढता येणाऱ्या चिकटपट्ट्या चालतात (पाकिटावर किती वजन पेलतं ते लिहिलेलं असतं, त्याच्या निम्मंच धरा). मोठी फ्रेम सरळ कपाटावर टेकवून ठेवा. ऊन थेट पडेल तिथे मात्र काहीच नको.

रंगवेडी
ठरलं. क्लेची फाइल मोठी छापून कपाटावर, पोस्टकार्डांची एक फ्रेम, एक सहीवालं स्क्रीन प्रिंट आणि हेरिंगची बॅग. बॅगेवरचा प्रिंट टिकेल की नाही ते कसं बघायचं?

शाईवाला
कापड दोन्ही हातांनी थोडं ताणा. शाई कापडाच्या विणीत मुरलेली असेल तर वीण दिसत राहते. प्लास्टिकसारखा पापुद्रा वर दिसला तर काही धुण्यांत तडे जाणार, ती सोडा. आणि धुताना उलटी करून गार पाण्यात.