‘९९ टक्के आयआर’ सांगणाऱ्या पुरवठादाराकडून फिल्म घ्यावी का?

काचकाम (धागा सुरू)

गाड्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावण्याचा धंदा करणाऱ्यांसाठी हा विषय. माझं मत सरळ आहे. जो पुरवठादार फक्त आयआर रिजेक्शनचा (म्हणजे इन्फ्रारेड किती अडतं याचा) टक्का सांगतो आणि टीएसईआर, म्हणजे उन्हाच्या एकूण ऊर्जेपैकी किती अडते तो टक्का, विचारला की विषय बदलतो, त्याच्याकडून रोल उचलू नये.

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत साधारण निम्मा भाग इन्फ्रारेड, ४४ टक्क्यांच्या आसपास दृश्य प्रकाश आणि बाकी थोडं यूव्ही. म्हणजे ९९ टक्के आयआर अडवलं तरी निम्म्याच उन्हाचा बंदोबस्त झाला. आणि हे ९९ मोजले कुठे? उन्हातलं इन्फ्रारेड ७८० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेलं असतं. हातातले मीटर बहुधा ९५० किंवा १४०० अशा एकाच जागी मोजतात. १४०० च्या आसपासचं ऊन तर हवेतली वाफच खाऊन टाकते, खाली फारसं उरतच नाही. जे ऊन आलंच नाही ते अडवल्याचं श्रेय घ्यायचं, असा हा प्रकार. बऱ्याच स्वस्त सिरॅमिक फिल्म (सिरॅमिकचे बारीक कण मिसळलेल्या) १४०० ला झकास दिसतात आणि ८०० ते १००० मध्ये गळतात. आयआरचा मोठा वाटा नेमका तिथेच आहे.

म्हणून ३०० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत कुठे किती अडतं याचा पूर्ण आलेख मागा, आणि नुसतं चित्र नको, आकड्यांची फाइल मागा. त्यातून पार गेलेली, परावर्तित आणि शोषलेली ऊर्जा निघते. मग टीएसईआर = परावर्तित + ०.७३ × शोषलेली (शोषलेल्यातला एवढा वाटा पुन्हा बाहेर जातो असं धरून). दोन फिल्ममधून सारखीच ४० टक्के ऊर्जा पार जाते असं धरा. एक ६ परावर्तित करते आणि ५४ शोषते: टीएसईआर ४५. दुसरी २० परावर्तित करते आणि ४० शोषते: ४९. जाहिरातीत मात्र दोन्हींवर ‘९५ टक्के आयआर’ छापलेलं असू शकतं.

७० टक्के व्हीएलटीच्या (म्हणजे ७० टक्के दृश्य प्रकाश आत सोडणाऱ्या) फिल्मला कोणी ८० टक्के टीएसईआर सांगितला तर तिथेच थांबा. दृश्य प्रकाशातूनच ४४ चे ७० टक्के, म्हणजे सुमारे ३१ आत आले. ८० अडणार कुठून?

रोल_साठ_इंची

गणित बरोबर, क्रम चुकलेला. ४५ आणि ४९ मधला फरक गाडीत बसलेल्या माणसाला कळत नाही. एका दारावर धूसरपणा आला तर पहिल्या दिवशी कळतो. दुकान बुडतं ते दुबार कामात, आणि आलेख त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

पुरवठादार तपासायचा तर पाकिटातला हातभर नमुना विसरा, तो निवडून काढलेला असतो. चालू लॉटचा (एका वेळी बनवलेल्या मालातला) पूर्ण रोल घ्या, १.५२ मीटर × ३० मीटर. सेडानची दारं आणि मागची काच यांना तीन-चार मीटर लागते, तेव्हा एका रोलमध्ये सात-आठ गाड्यांवर तपासणी होते.

सगळ्यात जास्त वाक असलेली मागची काच आधी घ्या. फिल्म मुख्यतः रोलच्या लांबीच्या दिशेनेच आकसते. त्यामुळे रोलची दिशा उभी ठेवून कापायची, म्हणजे ‘बोटं’ (वाकामुळे काचेपासून उचललेल्या घड्या) वर आणि खाली येतात आणि हीटगनने बसवता येतात. (रुंद मागच्या काचेला १.५२ पुरत नाही, त्यासाठी १.८३ मीटरचा रोल नियमित मिळेल का हेही आत्ताच विचारा.) चांगली फिल्म हळूहळू आणि सारखी आकसते. वाईट फिल्म बराच वेळ काहीच करत नाही आणि मग एकदम चुरगळते, किंवा वरच्या हार्डकोटला (ओरखडे रोखणाऱ्या थराला) बारीक तडे जातात. ते तडे नंतर तिरप्या उन्हातच दिसतात.

धूसरपणाही तसाच, तिरप्या उन्हात गाडीच्या आतून बघायचा. पण घाई नको. पहिले काही दिवस आतलं पाणी वाळत नाही तोवर सगळ्याच फिल्म दुधाळ दिसतात, आणि दमट हवेत महिनाही लागतो. महिन्यानंतरही राहिलं तर मात्र दोष सिरॅमिकचे कण नीट न मिसळल्याचा किंवा गोंदाचा.

शेवटी महिन्याने एक कोपरा वाफेने गरम करून सावकाश ओढा. गोंद फिल्मबरोबर यायला हवा. काचेवर राहिला तर उद्या मागच्या काचेवरून ती फिल्म काढताना डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) रेघा खरवडल्या जाणार, आणि त्याचं बिल पुरवठादार भरत नाही.

दिवेवाला

दोघंही प्रयोगशाळेत बसलात. ग्राहक दुकानातल्या उष्णतेच्या दिव्याखाली, फिल्म लावलेल्या काचेमागे हात धरतो आणि ठरवतो. जी फिल्म दिव्याखाली जिंकते तीच विकली जाते. मग सरळ कारखान्यातून आपल्या नावाने लायनर (फिल्मवरचा सोलून काढायचा थर) छापून रोल घ्यावेत. मधल्या वितरकाचा नफा वाचतो, आणि शेजारचा दुकानदार तोच ब्रँड कमी भावात देतोय ही कटकटही राहत नाही.

काचकाम

दिवा हा ऊन नाही. त्याची बहुतेक ऊर्जा इन्फ्रारेडमध्येच असते, म्हणून दृश्य प्रकाश सोडून देणारी फिल्मही तिथे जिंकते. शिवाय हात दहा सेकंद धरला जातो. दहा मिनिटं दिवा चालू ठेवा आणि मग काचेलाच हात लावा. शोषणारी फिल्म काच तापवते आणि ती काच आत उष्णता सोडते. वरचा ०.७३ हा आकडा बाहेर थोडा वारा धरून काढलेला आहे. वारा नसताना उभ्या गाडीत तो खाली येतो, म्हणजे शोषलेल्यातला जास्त वाटा आत शिरतो. ‘गाडी उभी केली की काही फरक नाही’ ही तक्रार इथून येते.

लायनर

दिवेवाला यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी पूर्ण विरुद्ध. स्वतःच्या नावाने छापायचं तर कारखाना किमान रोलसंख्या सांगतो, आणि ती प्रत्येक शेडसाठी वेगळी. व्हीएलटीच्या ५, २०, ३५, ५०, ७० एवढ्या शेड ठेवल्या की भांडवल गोदामात अडकतं, आणि त्यातली ३५ सोडून बाकीची धूळ खाते. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या ऑर्डरला कारखाना पॉलिस्टर, गोंद किंवा डाय बदलतो आणि कळवत नाही. नाव तुमचं, त्यामुळे शिव्याही तुम्हालाच.

छापायचंच असेल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: बेस फिल्म बदलल्यास आगाऊ सूचना, व्हीएलटीत किती फरक चालेल, आणि प्रत्येक खोक्यावर व रोलच्या नळीवर लॉट नंबर. शेजारच्या दोन दारांवर तीन टक्क्यांचा फरक डोळ्याला कळतो. म्हणून एका गाडीला एकच लॉट.

दिवेवाला

वितरकही लॉट बदलतोच की. फक्त ते सांगायला त्याच्याकडे गोड माणूस असतो.

लायनर

बदलतो, पण परत घेतो. कारखान्याला रोल परत पाठवून बघा.

तिसरा_कोपरा

मेटलवर, म्हणजे धातूचा थर असलेल्या फिल्मवर, कोणीच बोललं नाही. परावर्तन जास्त हवं तर मेटल फिल्मचा आकडा चांगला येतो, पण जीपीएस, मोबाइल आणि टोलच्या टॅगचा सिग्नल दबतो, आणि काचेतच अँटेना असेल तर रेडिओसुद्धा. पुरवठादार ‘सिरॅमिक’ म्हणून मेटलमिश्रित देत असेल तर लायनरसकट तुकड्याला मल्टिमीटर लावून काही कळत नाही, कारण धातूचा थर पॉलिस्टरच्या आत असतो. फिल्म लावून सिग्नल तपासणं हाच मार्ग.

आणि व्हीएलटी लिहिलेली असते फिल्मची. गाडीची काच स्वतः ७५ टक्के सोडत असेल तर ७० ची फिल्म लावून सुमारे ५२ होतात. नियमाची मर्यादा ७० असेल तर गाडी अडकली. हे न सांगणारा विक्रेता एक तर अडाणी, नाहीतर बेरकी.

रोल_साठ_इंची

वॉरंटीचं एवढंच. ‘आजीवन’ या शब्दाला अर्थ नाही. विचारायचं ते हे: फिल्म बदलून देणार, की जुनी काढण्याची, गोंद साफ करण्याची आणि नवी लावण्याची मजुरीही देणार? वॉरंटी उत्पादकाची की आयातदाराची? आयातदाराने ब्रँड सोडला तर पुढे कोण? दाव्यासाठी लॉट नंबर लागतोच, तेव्हा तो प्रत्येक गाडीच्या बिलावर लिहा. रोल आडवे रचून ठेवणाऱ्या गोदामातून माल घेऊ नका. खालच्या रोलवर दाबाचे पट्टे पडतात, आणि त्याला उत्पादक ‘साठवणुकीचा दोष’ म्हणून हात वर करतो.

काचकाम

मजुरीचा मुद्दा मान्य, तो आलेखाच्याही आधी विचारायला हवा. पण आलेख द्यायला नकार देणारा दाव्याच्या वेळी कागद देईल, हे मला अजून पटत नाही.