साप्ताहिक सुट्टी गुरुवारवरून शुक्रवारी नेली आणि १ मेची पगारी सुट्टी नाहीशी झाली: हे योग्य आहे का?

धागाकर्ती (तपासणी विभाग, भोसरी)

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे तपासणी विभागात काम करते. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. विजेचा भार एकाच दिवशी एकवटू नये म्हणून वेगवेगळ्या भागांतील कारखान्यांना वेगवेगळे वार ठरवून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. बँकेचे काम, दवाखाना, दळण, माहेरची फेरी असे आमच्या घरातले सगळे काही गुरुवारी होते. आईच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी मिळालेली वेळही गुरुवारी सकाळी दहाचीच आहे.

सोमवारी, २० एप्रिलला, पंचिंग यंत्राशेजारच्या फलकावर दोन ओळींची सूचना लागली. पुढील आठवड्यापासून साप्ताहिक सुट्टी गुरुवारऐवजी शुक्रवारी राहील आणि सर्वांनी याची नोंद घ्यावी, एवढाच मजकूर होता. कारण लिहिलेले नव्हते. मुख्य ग्राहकाच्या गाड्या आता गुरुवारी रात्री माल उचलणार आहेत, असे सुपरवायझरांनी तोंडी सांगितले.

घरी आल्यावर मी दिनदर्शिका काढली. आमच्याकडे करारानुसार वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत आणि त्यांची यादी जानेवारीत लागते. यंदा १ मे शुक्रवारी आहे, २५ सप्टेंबरची अनंत चतुर्दशी शुक्रवारी आहे आणि २ ऑक्टोबरही शुक्रवारीच आहे. म्हणजे नव्या वारामुळे आठांपैकी तीन पगारी सुट्ट्या साप्ताहिक सुट्टीत विरघळणार आहेत.

मनुष्यबळ विभागात विचारले, तेव्हा कोणाचाही एक रुपया कापला जाणार नाही, असे उत्तर मिळाले. ते खरे आहे, आणि नेमकी त्यामुळेच ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही. आमच्याकडे रोजंदारीवर कायम असलेल्या, दिवसाला ६४० रुपये घेणाऱ्या कामगाराचा २६ एप्रिल ते २ मे हा आठवडा पाहा. गुरुवारची सुट्टी कायम राहिली असती, तर त्याने पाच दिवस काम केले असते आणि १ मेच्या पगारी सुट्टीसह त्याला सहा दिवसांचे ३,८४० रुपये मिळाले असते. आता तो सहा दिवस काम करील आणि त्याला तेच ३,८४० रुपये मिळतील. पगारपत्रकावरचा आकडा तोच राहील, पण त्याच पैशात एक दिवसाचे श्रम जास्त घेतलेले असतील. शिवाय २४ ते ३० एप्रिल असे सलग सात दिवस यंत्रापुढे उभे राहावे लागेल, ते वेगळेच.

माझे मत स्पष्ट आहे. सुट्टीचा वार हा आमच्या नोकरीच्या अटींचा भाग आहे. तो बदलायचा असेल, तर आधी आमच्याशी बोलले पाहिजे आणि जी पगारी सुट्टी त्यामुळे बुडते तिचा बदली दिवस दिला पाहिजे. आपणांस काय वाटते?

लघुउद्योजक, चाकण

बाईंनी मुद्दा नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही तितक्याच गांभीर्याने देतो. माझ्याकडे पस्तीस माणसे आहेत. मोठ्या वाहन कंपनीला माल पुरवणाऱ्या माझ्यासारख्याला स्वतःचे वेळापत्रक नसते; त्यांची जुळणी थांबली तर त्या खोळंब्याचा खर्च आमच्या बिलातून वळता होतो, आणि तसे दोनदा घडले की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. ग्राहकाने माल उचलण्याचा वार बदलला, तर मी त्याच्याशी वाद घालू शकत नाही. मला माझा वार बदलावाच लागतो.

दुसरे असे की, पगारी सुट्टी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येणे हा दिनदर्शिकेचा योग आहे. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला, गुरुवारी होता. तेव्हा आपल्या कारखान्यात पाडव्याचा बदली दिवस कोणी मागितला होता का? गुरुवार कायम असताना बुडालेली सुट्टी आपण नशीब म्हणून स्वीकारली, मग शुक्रवारी बुडणारी सुट्टी अन्याय कशी ठरते? कायद्यानेही हा वार कधी दगडावर कोरलेला नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५२ मध्ये रविवार हा मूळ सुट्टीचा दिवस धरून, त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांपैकी एका दिवशी बदली सुट्टी देण्याची मुभा होती. सूचना लावायची आणि कोणालाही सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम पडू द्यायचे नाही, अशी अट होती. सात दिवस त्या मर्यादेत बसतात.

जुना कामगार प्रतिनिधी

पाडव्याचा मुद्दा वजनदार आहे, परंतु त्यातील फरक आपल्या नजरेतून सुटला आहे. पाडवा गुरुवारी आला तो पंचांगाने. १ मे साप्ताहिक सुट्टीवर आला तो व्यवस्थापनाच्या हाताने. यादी जानेवारीत जाहीर झाली, तेव्हा यंदा कोणत्या सुट्ट्या पदरात पडणार आणि कोणत्या बुडणार हे दोन्ही बाजूंना माहीत होते. कामगारांनी पाडवा गमावण्याचे मान्य केले, कारण १ मे मिळणार होता. आता एका बाजूने खेळ अर्ध्यावर आला असताना पट फिरवला आहे.

कलम ५२ इन्स्पेक्टरला आणि फलकावर द्यायच्या सूचनेपुरते बोलत होते. कामगारांना द्यायच्या सूचनेची तरतूद औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ मध्ये होती: चौथ्या अनुसूचीतील बाबींत बदल करायचा असेल तर एकवीस दिवसांची पूर्वसूचना. कामाचे तास व विश्रांती, पगारी रजा व सुट्ट्या, रूढीने मिळत आलेली सवलत या सर्व बाबी त्या अनुसूचीत होत्या. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने साप्ताहिक सुट्टी रविवारवरून दुसऱ्या वारावर नेल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १९७२ मध्ये न्यायालयाने अशा बदलाला कलम ९-अ ची सूचना आवश्यक असल्याचे ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली, तरी तो नियम पुसला गेलेला नाही. तो आता कलम ४० आणि तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि मुदतही एकवीस दिवसांचीच आहे. २० एप्रिलच्या सूचनेने २७ एप्रिलच्या आठवड्यातील बदल करणे म्हणजे त्या मुदतीचा अर्धा भागही पाळला नाही असे होते.

आपल्या प्रांतात तर हा विषय नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले, त्यातील पहिल्या मागण्यांत आठवड्याची सुट्टी होती, आणि ती मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. सुट्टी कोणत्या दिवशी, हा प्रश्न तेव्हापासून मालकाने एकट्याने ठरवण्याचा राहिलेला नाही.

दुकान कर्मचारी, नाशिक

आठ पगारी सुट्ट्या तर कायद्यानेच दिलेल्या आहेत ना? आमच्या दालनात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसात ठरवलेले चार सण अशी यादी असते आणि त्या दिवशी काम केले तर दुप्पट वेतन आणि शिवाय बदली रजा मिळते. मग बाईंना मागणी कशाला करावी लागते?

मनुष्यबळ विभागात वीस वर्षे

आपण म्हणता ती तरतूद महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील आहे. तो कायदा आता वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांना लागू होतो, कारखान्यांना नाही. बाईंच्या कारखान्यातील आठ सुट्ट्या करारातून आलेल्या आहेत, त्यामुळे बदली दिवसाचा हक्कही करारातच शोधावा लागेल. पगारी सुट्टी साप्ताहिक सुट्टीवर आली तर दुसरा दिवस द्यावा, असे बहुतेक करारांत लिहिलेले नसते. मी अनेक करारांच्या वाटाघाटींत बसलो आहे आणि हे कलम दोन्ही बाजू विसरतात.

मी व्यवस्थापनाच्या बाजूचा माणूस आहे, तरीही फलकावरची ती दोन ओळींची सूचना मला पटत नाही. मात्र जुन्या प्रतिनिधींनी एक गोष्ट सांगितली नाही. कलम ४० मध्ये अपवाद आहेत. बदल करारानुसार असेल तर सूचना लागत नाही. आणि तातडीच्या परिस्थितीत पाळीत बदल करावा लागला, तर तक्रार निवारण समितीशी विचारविनिमय करून तो करता येतो. ग्राहकाच्या गाड्यांचा वार बदलणे ही तातडीची परिस्थिती आहे, असे व्यवस्थापन म्हणू शकते. सलग सात दिवसांचा मुद्दाही जपून मांडावा. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत एका आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नको असे म्हटले आहे, आणि आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून मोजला जातो. २४ ते ३० एप्रिल हे सात दिवस दोन वेगवेगळ्या आठवड्यांत विभागले जातात, त्यामुळे अक्षरशः पाहिले तर नियम मोडत नाही.

धागाकर्ती

अक्षरशः मोडत नाही, हे मान्य करते. पण आमच्या विभागात गेजने, म्हणजे माप तपासण्याच्या साधनाने, एका पाळीत शेकडो भाग तपासावे लागतात आणि सहाव्या दिवशीच्या दुपारी डोळ्यांपुढे रेघा एकमेकींत मिसळू लागतात. सातव्या दिवशी माझ्या सहीने पुढे गेलेला भाग कोणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये बसणार आहे. आठवडा कोणत्या मध्यरात्री सुरू होतो, हे त्या डोळ्यांना कळत नाही.

आपण तातडीच्या अपवादाचा उल्लेख केलात, म्हणून आज चौकशी केली. आमच्याकडे वीसपेक्षा कितीतरी जास्त कामगार आहेत, म्हणजे तक्रार निवारण समिती असायलाच हवी. ती कागदावर आहे. तिच्यातील कामगारांच्या दोन प्रतिनिधींना या बदलाची बातमी माझ्यासारखीच फलकावर मिळाली.

कंत्राटी कामगार

मी याच पट्ट्यात कंत्राटदाराकडून कामाला आहे आणि मला बाईंच्या विरुद्ध बोलावे लागते आहे. जानेवारीच्या यादीत आमचे नाव नसते. १ मे रोजी कारखाना बंद, म्हणजे आमची हजेरी नाही आणि हजेरी नाही म्हणजे पैसे नाहीत. गुरुवारची सुट्टी कायम असती, तर त्या आठवड्यात मला गुरुवारचेही पैसे नाहीत आणि शुक्रवारचेही नाहीत, पाचच हजेऱ्या भरल्या असत्या. सुट्टी शुक्रवारी नेली की दोन्ही बंद एकाच दिवशी येतात आणि माझ्या सहा हजेऱ्या भरतात. खोलीचे भाडे पाच तारखेला द्यायचे असते, त्यामुळे एका हजेरीचे मोल मला कळते. आपण जो बदल थांबवू पाहता, त्यात माझे पैसे आहेत.

लघुउद्योजक, चाकण

या भावाने जे लिहिले, ते मी मांडले असते तर कोणी मानले नसते. मी माझ्या बाजूने एवढे कबूल करतो की सूचना उशिरा आणि कारण न सांगता देणे चूक आहे. ग्राहकाचा ईमेल मला आला, त्याच दिवशी मी माझ्या माणसांना तो वाचून दाखवला असता. पण तीन सुट्ट्यांचे तीन बदली दिवस, पस्तीस माणसांचे मिळून एकशे पाच मनुष्यदिवस होतात. भाव ग्राहक ठरवतो; ते दिवस मी कोणत्या भावात बसवू? एक दिवस द्यायला मी तयार होईन. तीन नाही.

धागाकर्ती

कंत्राटी बंधूंचे म्हणणे वाचून मी अर्जाचा मसुदा दोनदा बदलला. माझी मागणी मान्य झाली आणि गुरुवार कायम राहिला, तर माझी पगारी सुट्टी वाचेल आणि शेजारच्याच बाकावर तेच गेज हातात धरणाऱ्या माणसाची एक हजेरी जाईल. हे मला आधी दिसायला हवे होते. म्हणून गुरुवारच हवा, असा हट्ट आता मी धरत नाही. अर्जात तीन गोष्टी लिहिल्या आहेत: बदल एकवीस दिवसांनंतर लागू करावा आणि तोवर समितीची बैठक घ्यावी, १ मे, २५ सप्टेंबर आणि २ ऑक्टोबर यांचे बदली दिवस यंदाच्या वर्षातच द्यावेत, आणि पगारी सुट्ट्यांची यादी तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांनाही लागू करावी. चाकणच्या उद्योजकांना एकशे पाच मनुष्यदिवस जड वाटतात, पण ते जानेवारीत जाहीर झालेल्या यादीतलेच दिवस आहेत. त्यांचा खर्च तेव्हाच धरलेला असणार.

तिसरी मागणी कोणत्या आधारावर लिहावी, हे मला कळत नाही. जुन्या प्रतिनिधींनी मार्गदर्शन करावे.

जुना कामगार प्रतिनिधी

कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याखाली कंत्राटदाराच्या परवान्यात अशी अट असे की, मूळ मालकाचे कामगार करतात तेच किंवा तशाच प्रकारचे काम कंत्राटी कामगार करीत असतील, तर वेतनाचे दर, सुट्ट्या आणि कामाचे तास दोघांना सारखे असावेत. त्यामुळे आधी काम सारखे आहे हे दाखवा. दोघांचे गेज, दोघांची तपासणी नोंदवही आणि दोघांच्या सह्या एकाच पानावर असतील, तर त्या पानाची प्रत जोडा. अर्ज समितीच्या नावाने करा, एक प्रत मनुष्यबळ विभागाला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून तारीख व शिक्का घ्या. बुधवारच्या आत द्या, कारण गुरुवारी सगळे कामावर गेले की बदल मान्य केला असे म्हटले जाईल. गुरुवारी कामावर जाणारच असाल, तर बदलाला हरकत कायम ठेवून हजर राहत आहोत, ही ओळ अर्जाच्या शेवटी स्वतंत्रपणे लिहा.