आठवणीतून पुणं काढायचं : रविवार बरा गेला, पण साधलं काय?

पेठेतली_पाटी
गेल्या रविवारी आमच्या भागातल्या बागेत काही मंडळींनी वीसेक फूट लांब कागद अंथरला होता. फोटो न बघता ‘आपलं पुणं’ काढायचं, लहानथोर कुणीही. दोन तासांत कागद भरला. मी मोजले, ११ शनिवारवाडे! सगळ्यांत फक्त दिल्ली दरवाजा, खिळ्यांसकट. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला, म्हणून आपल्याला दरवाजाच पाठ, हे एक वेळ मान्य. पण हे शहर काढणं झालं की पोस्टकार्ड? माझ्या मते रंग वाया गेले.

मुठेकाठची
वाडे मोजलेत, बाकीचं पाहिलंत का? मी दुसऱ्या टोकाला होते. मंडईत गाळा असलेल्या एका मावशींनी मंडई काढली. मनोरा नाही, आठ बाजू नाहीत. नुसते ओळीने गाळे, मिरच्यांचे ढीग आणि तराजू. १८८६ ची ती इमारत आपण सगळे बाहेरून काढतो, त्यांनी आतून काढली. कोथिंबिरीला हिरवा पुरेना म्हणून माझ्या हातातला खडू मागून घेतला.

नकाशेवाला
केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या रहिवाशांकडून आठवणीतले नकाशे काढून घेतले होते. १९६० साली त्यावर पुस्तक आलं. चित्र सुबक आहे का, हा सवालच नव्हता. लोकांना काय आठवतं आणि ते काय गाळतात, हे बघायचं होतं. जर्सी सिटीवाल्यांना आपल्या गावापेक्षा पलीकडचं न्यूयॉर्क ठळक आठवत होतं. तुमचे ११ दरवाजे त्याच जातीचे.

पेठेतली_पाटी
अहो, लिंच नंतर अभ्यासाला बसले. इथे कागद गुंडाळून कपाटावर. ‘पुढे काय?’ विचारलं तर ‘प्रदर्शन भरवू’. त्यात मावशींचे गाळे लागतील असं वाटतं? कुणा कॉलेजकुमाराची देखणी पर्वती लागेल.

उगाचच
प्रत्येक गोष्टीचा उपयोग कशाला काढता? पोरं दोन तास मोबाइलशिवाय बसली, बास की.

ओढ्याशेजारी
बास नाही. आमच्या चाळीतल्या मुलीने मुठेपेक्षा रुंद निळा पट्टा काढला. स्वयंसेवक म्हणाला, ‘बाळा, नदी इथून जात नाही.’ ती म्हणाली, ‘नदी नाही, आंबिल ओढा.’ २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो आमच्या घरात शिरला, माणसं गेली. पेठेकडच्या चित्रांत ओढा शोधून दाखवा. स्वयंसेवकाने बिचाऱ्याने नंतर स्वतःच निळा खडू आणून दिला, तेही सांगायला हवं.

अर्ज_करा
मग तो पट्टा कामाला लावा. महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. ओढ्याच्या भिंतीचा अर्ज भरा, चित्राची झेरॉक्स जोडा.

पेठेतली_पाटी
क्षेत्रीय कार्यालयात हसतील.

ओढ्याशेजारी
हसू देत. पोच मात्र घेणार. पाटीसाहेब, कागदावर तुम्ही काय काढलंत?

पेठेतली_पाटी
काही नाही. मोजत होतो.