मेडिकेअर २०२६चे दर आणि एसीओ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अमेरिकेत क्लिनिकचं बिलिंग बघणारं इथे कोणी आहे का? माझ्या बायकोचं न्यू जर्सीत छोटं इंटर्नल मेडिसिनचं क्लिनिक आहे, हिशोब माझ्याकडे. २०२६पासून मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) डॉक्टरांसाठी दोन वेगळे कन्व्हर्जन फॅक्टर (कामाच्या प्रत्येक पॉइंटमागे मिळणारी रक्कम) केलेत, अॅडव्हान्स्ड एपीएममध्ये (खर्चाची जोखीम डॉक्टरांनीही उचलायची अशा पेमेंट योजना) पात्र ठरलेल्यांना ३३.५७ डॉलर आणि बाकीच्यांना ३३.४०. म्हणजे फरक १७ सेंटचा, एवढ्यासाठी केवढा तो कागदी घोडा! आणि एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढलंय, कारण वेळेवर न मोजल्या जाणाऱ्या बहुतेक कामांच्या वर्क आरव्हीयूला (डॉक्टरच्या कामाचे पॉइंट) २.५ टक्के कात्री. साध्या ऑफिस व्हिजिट वाचल्या, पण ईकेजी वाचणं, गुडघ्यात इंजेक्शन देणं वगैरेचं काय ते बघतोय.

खरा प्रश्न एसीओचा, म्हणजे मेडिकेअर पेशंटच्या एकूण खर्चाची जबाबदारी मिळून घेणाऱ्या डॉक्टर-क्लिनिकांच्या गटाचा. आमचा एसीओ बेसिक ट्रॅकच्या लेव्हल बी मध्ये आहे (ए ते ई अशा पायऱ्या, ई ला जोखीम सगळ्यात जास्त), तोटा झाला, म्हणजे खर्च ठरलेल्या रकमेच्या वर गेला, तर सध्या काही भरावं लागत नाही. पण २०२७पासून नवीन करारांना अशी बिनजोखमीची मुदत जास्तीत जास्त पाचच वर्षं मिळणार, आधी सात होती. आता एसीओवाले म्हणतायत थेट लेव्हल ई ला जाऊ, ३३.५७चा जास्तीचा दरही तिथूनच लागू होऊ शकतो, पण तोट्यातला ३० टक्के वाटा उचलावा लागतो (वर मर्यादा आहे, तरी).

तर हा तोटा तुमच्याकडे सगळ्या क्लिनिकमध्ये कसा वाटतात, पेशंटच्या संख्येवर की बिलिंगवर? करारात काय लिहून घ्यावं? आणि मध्येच बाहेर पडलो तर मागच्या वर्षाचं देणं आपल्या गळ्यात पडतं का? ज्यांनी असा करार केलाय त्यांनी प्लीज सांगा, सही पुढच्या महिन्यात करायचीये.